शिपायाचं रडगाणं

बेर्नाल दियास. कोर्तेसच्या फौजेतला साधा शिपाई. १५१९ साली मेक्सिकोत उतरला. १५२१ ला तेनोच्तित्लान पाडणाऱ्यांत हा होता.

१५५२ साली गोमारा नावाच्या पाद्र्यानं इतिहास छापला. सगळं श्रेय एकट्या कोर्तेसला! बेर्नाल खवळला. लढलो आम्ही, मेलो आम्ही, नाव मात्र सेनापतीचं? ग्वाटेमालात बसून त्यानं आपला ‘खरा इतिहास’ लिहिला. तो छापला गेला १६३२ ला, त्याच्या मरणानंतर.

दोस्तांनो, इथंच आपण फसतो. साधा शिपाई बोलला, म्हणून लगेच आपला म्हणायचा? ह्याच गड्याच्या वाट्याला गावं आली होती. गावं म्हणजे जमीन नव्हे, जितीजागती माणसं. त्यांचा घाम, त्यांचा वसूल. १५५० साली वायादोलिदच्या सभेत लास कासास ह्या पद्धतीविरुद्ध भांडत होता. तिथंच बेर्नाल सांगत होता, ही गावं आम्हाला कायमची द्या!

त्याचं भांडण लुटीशी नव्हतं, वाटणीशी होतं.

हरलेल्या नाहुआंनीही लिहिलंय. सहागून पाद्र्याच्या हाताखाली, पण स्वतःच्या भाषेत. देवळाच्या अंगणात नाचणाऱ्यांची १५२० सालची कत्तल, देवीच्या साथीत कुजलेली माणसं, सगळं आहे त्यात. ते आधी वाचा.

वरच्यावर ओरडणारा प्रत्येक जण खालच्याचा नसतो. त्याचा पाय कुणाच्या मानेवर आहे, ते बघा.