देणगी आणि दवंडी

इंग्रजांचें वर्ष डिसेंबरांत संपतें. आमच्या हिशेबाचें वर्ष ३१ मार्चला संपतें. त्यामुळें सार्वजनिक संस्थांना दात्यांची आठवण फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून विशेष उत्कटतेनें होऊं लागते. पूर्वीं या दिवसांत पावतीपुस्तक बगलेंत मारून एखादे गृहस्थ दारीं येत, चहा घेत आणि अकरा रुपयांची पावती फाडून जात. आतां ते मोबाईलच्या पडद्यावर येतात. त्यांत वाईट कांहीं नाहीं. उलट चहा वाचतो. परंतु अलीकडे संस्थांच्या विनंतीमागून दुकानांचीहि विनंती येऊं लागली आहे. ‘आमचें हें चित्र आपल्या परिचितांस पाठवा, प्रत्येक पाठवणीमागें आम्ही अमुक अनाथालयास पांच रुपये देऊं,’ असा तिचा मासला असतो.

सीताबर्डीवर कापडाचें दुकान असलेला माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका योजनेचा कागद घेऊन मजकडे आला होता. तीन संस्था निवडावयाच्या, त्यांचीं छायाचित्रें फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांवर लावावयाचीं, लोकांनीं आपली पसंती कळवावयाची, आणि जिला ३१ मार्चपर्यंत सर्वांत अधिक मतें पडतील तिला एक लक्ष रुपये द्यावयाचे. ‘‘सर, दुकानाचें नांव होईल हें खरें; पण संस्थेला पैसेहि मिळतील. यांत वावगें काय?’’ असा त्याचा प्रश्न. प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचें उत्तरहि थोडें सविस्तरच दिलें पाहिजे.

गीतेच्या सतराव्या अध्यायांत दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, व प्रत्युपकाराची अपेक्षा ठेवून दिलेल्या दानास राजस म्हटलें आहे. या कसोटीवर ती योजना एका वाक्यांत नापास करतां आली असती. परंतु महाराष्ट्रांतील संस्था केवळ सात्त्विक दानावर उभ्या राहिल्या, असें इतिहास सांगत नाहीं. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं कर्व्यांच्या महिला विद्यापीठास पंधरा लक्ष रुपये देऊं केले, आणि विद्यापीठास त्यांच्या मातुःश्रींचें, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचें, नांव मिळालें. त्या नांवामुळें एकाहि मुलीच्या शिक्षणांत उणेपणा आला नाहीं. तेच कर्वे पंचाहत्तरी उलटल्यावर, १९३६ सालीं, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं मंडळ काढून पुन्हां वर्गणी मागावयास निघाले. लक्षावधीची देणगी आणि चार आण्यांची वर्गणी, दोन्ही त्यांना सारख्याच पवित्र होत्या.

दवंडीचेंहि तसेंच आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाची कल्पना अशी कीं, प्रत्येकानें वर्षाकांठीं एक पैसा द्यावा. लोकमान्यांनीं ती उचलून धरली आणि १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला. एक पैसा मागावयाचा म्हटला कीं तो असंख्यांकडे मागावा लागतो, आणि असंख्यांपर्यंत पोंचावयाचें तर कोणीतरी मोठ्यानें ओरडावें लागतें. अलीकडचें चांगलें उदाहरण ‘लोकसत्ता’ पत्राचें. २०११ सालीं त्यानें ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम सुरू केला. गणपतीच्या प्रार्थनेंतील हे शब्द निवडणाऱ्याच्या रसिकतेस दाद दिली पाहिजे. गणेशोत्सवाच्या दिवसांत दहा संस्थांचा परिचय छापावयाचा आणि वाचकांनीं त्या संस्थांच्या नांवें धनादेश पाठवावयाचे, अशी ही योजना. वर्तमानपत्र हाहि एक धंदाच आहे, व या उपक्रमानें त्याचा लौकिक वाढला असेल तर तो वाढो. दहा संस्थांना त्यानें एकमेकींशीं झुंजावयास लावलें नाहीं, हें महत्त्वाचें.

माझ्या विद्यार्थ्याच्या योजनेंतील दोष नेमका येथें आहे. मतांवर दान वाटण्याचा प्रयोग अमेरिकेंत होऊन गेला आहे. तेथील चेस बँकेनें २००९ च्या अखेरीस फेसबुकवर मतें मागवून संस्थांना एकंदर ५० लक्ष डॉलर वाटण्याचें जाहीर केलें. पहिल्या फेरींत शंभर संस्थांना प्रत्येकीं २५ हजार डॉलर मिळाले. परंतु शेवटच्या दिवसांत बँकेनें मतांचे आंकडे झांकून ठेवले, आणि आपल्या मतांमुळें आपणांस डावललें अशी तक्रार कांहीं संस्थांनीं केली. ज्यांनीं महिनाभर आपल्या स्नेह्यांस मतांसाठीं गळ घातली होती त्यांच्या पदरीं संशय पडला; बँकेचें नांव मात्र घरोघर पोंचलें. पुढें २०१० सालीं पेप्सी कंपनीनें सुपर बोल या प्रसिद्ध सामन्यांतील आपली जाहिरात सोडून अशाच मतदानानें दोन कोटि डॉलर सत्कार्यास देण्याची योजना काढली. त्याच वर्षीं अमेरिकेंतील विक्रींत तिचें पेय तिसऱ्या क्रमांकावर उतरलें, आणि २०१२ पर्यंत ती योजना गुंडाळली गेली. दान जाहिरातीच्या खात्यांतून निघालें म्हणजे त्याचा जाब विक्रीच्या खात्यांत द्यावा लागतो.

शिवाय मतें कोणास पडतात? ज्याचें चित्र डोळ्यांत भरतें त्यास. आमच्या नागपुरांत कमलाताई होस्पेट यांनीं वेणूताई नेने यांच्यासह १९२१ सालीं मातृसेवा संघ स्थापन केला. प्रसूतिगृहांत आलेल्या निराधार स्त्रीचें चित्र काढून तें चव्हाट्यावर मांडावें, असें कोणा शहाण्या माणसास वाटेल? जें काम लाजेकाजेनें आणि दाराआड करावयाचें असतें तें या शर्यतींत पहिल्या फेरींतच बाद होणार. जेथें रंगीत कपड्यांतील मुलें हंसत उभीं राहूं शकतात तेथें मतांचा पाऊस पडणार. गरज कोणाची अधिक, हा प्रश्न कोणी विचारावयाचा?

याउपर कायद्याकडेहि पाहिलें पाहिजे. २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यास लावण्याचें बंधन घातलें. तें एप्रिल २०१४ पासून लागू झालें. मालाची जाहिरात साधण्यासाठीं दिलेलें प्रायोजकत्व या खर्चांत धरतां येत नाहीं, हें २०२१ च्या नियमांनीं स्पष्ट केलें. म्हणजे दान कोणतें आणि दवंडी कोणती, हा भेद आमच्या सरकारासहि करावासा वाटला. माझ्या विद्यार्थ्याचें दुकान कांहीं त्या कायद्याखालीं येण्याइतकें मोठें नाहीं. पण भेद लहान दुकानासहि तोच.

मीं त्याला सांगितलें कीं, लक्ष रुपये द्यावयाचें तूं ठरविलेंच आहेस, तर ते तिन्ही संस्थांना आजच वांटून दे, आणि मग त्यांचीं नांवें, खातीं व कामें तुझ्या फेसबुकावर खुशाल सांग. तुझीं गिऱ्हाइकें पैसे थेट संस्थेसच पाठवोत. दुकानाच्या गल्ल्यांतून ते जाऊं नयेत. दुकानाची पाटी खालीं बारीक अक्षरांत असूं दे. बारीक अक्षरांचें त्याला वाईट वाटलें. मध्यम अक्षरांवर तडजोड झाली.

देणाऱ्या वाचकांसाठीं एकदोन व्यावहारिक गोष्टी. ८०-जी म्हणून सर्वांस ठाऊक झालेली आयकराची सवलत नव्या करपद्धतींत मिळत नाहीं, आणि २०२३-२४ पासून न सांगतां लागू होते ती हीच पद्धत. जुन्या पद्धतींतहि दोन हजारांवरील रोख देणगीस सवलत नाहीं. म्हणजे मार्चच्या शेवटच्या आठवड्यांतील धांवपळीचें कारण अनेक घरांपुरतें आतां उरलेलेंच नाहीं. तेव्हां ज्या व्यापाऱ्यांना मनापासून साह्य करावयाचें आहे त्यांनीं आपली दवंडी एकदां जून महिन्यांत पिटून पाहावी. वसतिगृहांतील मुलांच्या वह्या, पुस्तकें, छत्र्या आणि पावसाळ्याचें धान्य हीं सारीं तेव्हां एकदमच घ्यावयाचीं असतात, आणि मार्चांत आलेला पैसा बहुधा मार्चांतल्या उधारींतच गेलेला असतो.