यश फक्त जमिनीच्या भावात?



चाकणच्या जमिनींचे भाव आणि दारातल्या गाड्या यांनाच यश मानणारं एका वाचकाचं पत्र वाचलं. मला ते अजिबात पटलं नाही. सुमंत मुळगावकरांनी पिंपरीत टेल्कोचा (आजच्या टाटा मोटर्सचा) कारखाना उभारला तेव्हा तिथं उजाड माळ होता. त्यांनी हजारो झाडं लावली, तळं केलं. पक्षी येऊ लागले. पोरांना कारागिरी शिकवण्यावर त्यांनी सढळ हातानं खर्च केला. हा खर्च नफ्यातूनच झाला ना?

भोसरीतले माझ्या ओळखीचे एक लघुउद्योजक आयटीआयच्या मुलांना लेथवर हात बसवू देतात. जॉब बिघडला तर नुकसान स्वतः सोसतात. मंदीतही त्यांनी एकही कामगार कमी केला नाही. रविवारी वर्कशॉप बंद, जेवण घरच्यांसोबत. पत्रलेखकांनी त्यांना जरूर भेटावं, गाठ मी घालून देतो.

— एक वाचक, भोसरी