नाव मोठे की ताळा मोठा?

थोर पुरुषाच्या नावाची मोहोर पाहताच पुढील मजकूर खातरजमा न करता दाखल करून घेण्याचा शिरस्ता केवळ सरकारी दफ्तरांतच चालतो असे नव्हे. ज्या शास्त्रात कोणाचीच भीडमुर्वत चालू नये त्या गणितशास्त्रातही तो दीर्घकाळ चालला, याची साक्ष एक एकवीस अंकी संख्या देते. दोनाच्या कोणकोणत्या घातांतून एक वजा केला असता मूळ संख्या मिळते याची यादी मरँ मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६४४ साली प्रसिद्ध केली, तीत ६७ हा घातांक होता. आणि त्यापासून निघणारी १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही संख्या १८७६ साली एदुआर ल्यूकाने ती मूळ नसल्याचे सिद्ध करीपर्यंत, म्हणजे तब्बल २३२ वर्षे, केवळ यादीच्या भरवशावर मूळ म्हणून मिरवत राहिली.

तथापि ल्यूकाच्या सिद्धतेने संख्येला अवयव आहेत एवढेच ठरले; ते कोणते, याचा थांग लागला नव्हता. या संख्येच्या कोणत्याही अवयवास १३४ ने भागले असता बाकी एकच उरली पाहिजे, हे शास्त्राला ठाऊक होते. पण १३५, २६९, ४०३ अशा पायऱ्या क्रमाने चढू लागणाऱ्यास पहिला अवयव १४,४५,५८० व्या पायरीवर भेटला असता. १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथील गणितज्ञांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे दोन अवयव मांडले. चकार शब्द न काढता त्यांनी फळ्यावर गुणाकार करून दाखविला, असे सांगतात.

अवयव शोधण्यास असामान्य बुद्धी आणि चिकाटी लागली, परंतु ते पडताळण्यास सामान्य विद्यार्थीही समर्थ आहे, हेच या संख्येचे खरे वैभव होय. नवाचा ताळा पाहावा: अवयवांच्या अंकांच्या बेरजा ३७ व ६४, गुणाकाराच्या अंकांची १०९, तिन्हींचे पर्यवसान एकात होते, आणि एक गुणिले एक एकच. ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबरच, असे मात्र नाही, कारण दोन अंकांची अदलाबदल त्याच्या नजरेतून निसटते. म्हणून पूर्ण खात्रीसाठी सबंध गुणाकारच केला पाहिजे.

आता यंत्र क्षणार्धात अवयव सांगते, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु उत्तरे जितकी स्वस्त होत जातील तितकी त्यांची झडती घेण्याची गरज वाढेल; आणि जो पडताळा मर्सेनच्या अधिकाराला चुकला नाही, तो यंत्राच्या अधिकाराला का चुकावा? आमच्या परीक्षांत उत्तराला गुण मिळतात आणि ताळा कच्च्या कामाच्या कोपऱ्यात खितपत पडतो. त्या ताळ्यासाठी प्रत्येक प्रश्नपत्रिकेत स्वतंत्र गुण राखून ठेवावेत, अशी आमची शिक्षणखात्याकडे मागणी आहे.