हाजी अलीची बंदी जुनी नव्हती, मंडळी!

आपल्या वाशिम जिल्ह्यात हमीद दलवाईंचं नाव कधी निघतं? मुसलमानांना टोमणा मारायचा असला की. १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम बायांना घेऊन या माणसानं मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, तोंडी तलाक बंद करा म्हणून. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. टोमणे मारणाऱ्यांपैकी त्या मंडळाला दहा रुपये तरी कोणी दिले का?

पण म्हणून दुसऱ्या बाजूला सोडत नाही. पर्सनल लॉ बोर्ड १९७३ पासून आहे. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टात सांगतात काय, तर एका दमातला तलाक पाप आहे, पण लागू होतो. अहो, पाप आहे तर ४४ वर्षं काय केलं? निकाहाच्या वेळी नवरदेवाला समजावून सांगा, असं काझींना कळवतो, हे शहाणपण कोर्टात उभं राहिल्यावर सुचलं.

आता हाजी अली. तिथं बाया पूर्वी थेट मजारीपर्यंत जात होत्या. २०१२ च्या सुमारास ट्रस्टनं त्यांना अडवलं अन् वर सांगितलं की हा धर्माचा नियम आहे. म्हणजे 'परंपरा' चार-पाच वर्षांची! कट्टरपणा नेहमी जुनाच असतो, असं मानून आपण फसतो. खूपदा तो कालपरवाच आलेला असतो अन् जुनं धोतर नेसून बसतो.

ही बंदी तोडली कोणी? नूरजहाँ साफिया नियाज अन् झाकिया सोमण, दोघी भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या. २६ ऑगस्ट २०१६ ला हायकोर्टात जिंकल्या, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टापुढे ट्रस्टनं माघार घेतली, नोव्हेंबरच्या शेवटी बाया आत गेल्या. धर्म बुडाला नाही. दर्गा आहे तिथंच आहे.

त्याच वर्षी पाडव्याला शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बाया चढल्या. तेव्हा 'परंपरा, परंपरा' ओरडणारे आपलेच भाऊबंद होते, अन् हाजी अलीच्या निकालावर टाळ्या वाजवणारेही तेच. दोन्ही पोस्टी एकाच भिंतीवर पाहिल्या आहेत मी.

म्हणून कोणती संघटना मवाळ अन् कोणती कट्टर, हे तिच्या पत्रकावरून मला सांगू नका. विश्वस्तांची यादी काढा, बायांची नावं मोजा. मंगरूळपीरपासून सुरू करा, कारंजा करा, मग आमच्या पोहरादेवीलाही या. यादी मागायला मी सोबत येतो.