उपळसरी उकळू नका

चैत्राचं ऊन तापलं की संभाजीनगरात घामोळ्या, काळवंडलेली मान, तोंडावर पुटकुळ्या यांच्या तक्रारी सुरू होतात आणि घरोघरी ‘रक्त शुद्ध करणारं’ काहीतरी पिण्याचे बेत होतात. प्यायचंच असेल तर उपळसरी प्या, असं मी भेटेल त्याला सांगते. अनंतमूळ, सारिवा ती हीच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, चौथ्या अध्यायात, कांती सुधारणाऱ्या 10 औषधांचा वर्ण्य गण दिला आहे. त्यात सारिवेच्या जोडीला मंजिष्ठा, ज्येष्ठमध आणि वाळाही आहे. आपल्याकडच्या हकिमांच्या परंपरेतही रक्त शुद्ध करायला उशबा नावाचं मूळ देतात.

गुलमंडीकडे काष्ठौषधी घ्यायला गेलात तर पूड घेऊ नका, अख्खं मूळ मागा. खरी उपळसरी बारीक, वेडीवाकडी, काळपट तपकिरी असते. सालीवर आडव्या चिरा असतात आणि साल आतल्या कठीण गाभ्यापासून सुटते. नखानं खरवडलं की गोडसर वास येतो. मात्र नुसत्या वासावर जाऊ नका. दक्षिणेतल्या एका वेगळ्याच वेलीची जाड, मांसल मुळं अनंतमूळ म्हणून विकली जातात आणि त्यांनाही जवळजवळ तसाच वास असतो.

खरा घोळ स्वयंपाकघरात होतो. चहाच्या सवयीनं आपण मुळं खळाखळा उकळतो. उपळसरीचं सुगंधी द्रव्य उडून जाणारं. सारं घर घमघमतं आणि पातेल्यात उरतं फिकट पाणी. जुन्या वैद्यांना हे नेमकं ठाऊक होतं. शार्ङ्गधरसंहितेत काढा, फांट (कढत पाणी ओतून झाकलेला) आणि हिम (गार पाण्यात भिजवलेला) हे वेगळे प्रकार म्हणूनच सांगितले आहेत. मंजिष्ठेसारखं चिवट मूळ उकळून आटवावं, पाणी छान तांबडं होतं. उपळसरी मात्र जाडसर कुटावी, चमचाभर भरड कपात घ्यावी, वर कढत पाणी ओतून पाव तास घट्ट झाकावी आणि गाळून प्यावी. उन्हाळ्यात तर रात्री माठातल्या पाण्यात भिजत घालून सकाळी गाळलेली अधिक चांगली लागते. साखर घालू नये, मुळाची स्वतःची गोडी पुरते.

यानं रंग उजळेल, असं मी कुणाला सांगत नाही आणि त्याची गरजही वाटत नाही. रक्त गाळायचं काम मूत्रपिंडं आणि यकृत करतातच. दुपारच्या दोन गोड चहांच्या जागी हे पाणी पोटात गेलं, हाच मला मोठा लाभ वाटतो. गजकर्ण, सोरायसिस, पिकलेली मुरुमं यांसाठी त्वचारोगतज्ज्ञच गाठावा. गर्भवतींनी विचारल्याशिवाय काही घेऊ नये. आणि चवीसाठी ज्येष्ठमध घालणाऱ्यांनी एक नक्की ध्यानात ठेवावं: रोज बराच पोटात गेला तर तो रक्तदाब वाढवतो, शरीरातलं पोटॅशियम उतरवतो. बीपीची गोळी चालू असलेल्या घरात तो डबा वेगळाच ठेवा.