ठेक्यावर बंदी घालणारा कायदा



'डीजे' म्हटले की आपल्या मंडळींच्या डोळ्यांसमोर विसर्जनाची मिरवणूक येते. ट्रकवर रचलेल्या स्पीकरच्या भिंती, थरथरणाऱ्या खिडक्या. आपल्याकडे डीजे हा माणूस नसतोच, ती 'लावायची' वस्तू असते. त्यामुळे आठवडाभर बँकेचे सॉफ्टवेअर सांभाळणारा माझ्यासारखा गृहस्थ शनिवारी रात्री १९८८ ते १९९३ च्या काळातल्या रेव्हच्या रेकॉर्ड्स मिक्स करतो हे कळले की पुरोगामी म्हणवणारे मित्रही नाक मुरडतात. "तेच तेच धाडधाड. त्यात संगीत कुठले?" नाक मुरडायला माझी हरकत नाही. आवड ज्याची त्याची. पण हेच वाक्य एकदा या देशाच्या कायद्यात जाऊन बसले होते, आणि ते अजून तिथेच आहे.

१९९२ च्या मे महिन्यात वुस्टरशायरमधल्या कासलमॉर्टनच्या माळावर हजारो तरुण-तरुणी जमले, आठवडाभर नाचले, आणि वर्तमानपत्रांनी आकाशपाताळ एक केले. 'स्पायरल ट्राइब' या साउंड सिस्टिमच्या लोकांवर मोठा खर्चिक खटला चालला. त्यातून ते सुटले. मग १९९४ चा क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर अ‍ॅक्ट आला. त्याच्या ६३ व्या कलमात रात्रीच्या मेळाव्यांवर पोलिसांना अधिकार देताना संगीताची व्याख्याच केली गेली: एकामागून एक पुन्हा पुन्हा येणारे ठेके हे ज्यांचे मुख्य लक्षण, असे आवाजही त्यात धरले. संसदेने एका विशिष्ट प्रकारच्या तालाला नाव ठेवून तो कायद्यात कोंबला! 'ऑटेकर' या जोडीने त्याच वर्षी एक रेकॉर्ड काढून त्याची खिल्ली उडवली. तिच्यातल्या एका तुकड्यात कुठलेही दोन आवर्तनांचे ठेके सारखे ठेवले नाहीत, आणि वाजवताना वकील व संगीततज्ज्ञ सोबत ठेवा असा सल्लाही दिला. २००३ मध्ये मेळाव्याची मर्यादा शंभर माणसांवरून वीसवर आली. वीस! आपल्या कोजागिरीलाही याहून जास्त माणसे असतात.

"पण ड्रग्ज?" होती. त्यात तरुण मुले दगावलीही, ते झाकण्याचे कारण नाही. पण अमली पदार्थांसाठी १९७१ पासून स्वतंत्र कायदा होता. ६३ व्या कलमात त्यांचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता कोणी, कुठे, कोणाला न विचारता जमायचे.

आणि आता जरा मागची कलमे वाचा. याच कायद्याचे कलम ६० म्हणजे संशयाला कारण नसतानाही ठरावीक भागात कोणालाही थांबवून झडती घेण्याचा पोलिसांचा अधिकार. लंडनमध्ये ज्यांची मुले मोठी झाली त्यांना हे कलम समजावून सांगायला नको. त्याची झळ काळ्या तरुणांना सर्वात जास्त लागली, आणि आपल्या रंगाची मुलेही सुटली नाहीत. आरोपीच्या मौनाच्या हक्कालाही याच कायद्याने कात्री लावली. नाचणाऱ्या पोरांचा बंदोबस्त होतोय म्हणून खूश झालेल्यांनी बाकीची पाने उलटली नव्हती.

आज हा सगळा काळ 'नॉस्टॅल्जिया' म्हणून विकला जातो. कुंपण घातलेले मैदान, महाग तिकीट, पिवळ्या हसऱ्या चेहऱ्याचे टी-शर्ट. सगळी गाणी लॅपटॉपवर एकाच वेगाला आणून, बटण दाबून जुळवलेली. बटणाला माझा तात्त्विक विरोध नाही, पण त्यामुळे इतिहास पुसला जातो. माझ्या टेक्निक्स १२०० टर्नटेबलचा वेग आठ टक्केच वरखाली होतो. १९८८ च्या हाउसची मिनिटाला १२२ ठेक्यांची रेकॉर्ड कितीही ताणली तरी १३२ च्या पुढे जात नाही. १९९२ च्या हार्डकोरची १४५ ची कितीही दाबली तरी १३३ च्या खाली येत नाही. मध्ये फट राहते. ती सांधायला १९९१ ची, १३० च्या आसपासची ब्रेकबीट रेकॉर्ड लागते, म्हणजे अमेरिकन फंकचे ढोल आणि कॅरिबियन साउंड सिस्टिमचा खर्ज यांतून पोरांनी घरच्या सॅम्पलरवर केलेले संगीत. ते वगळून पुढे जाताच येत नाही. बटण मात्र तुम्हाला खुशाल जाऊ देते.

त्या ढोलांचे काय झाले पाहा. 'द विन्स्टन्स' या बँडच्या १९६९ च्या 'आमेन, ब्रदर'मध्ये ग्रेगरी कोलमन याने चार आवर्तने एकट्याने ढोल वाजवला. जेमतेम सात सेकंद. त्या तुकड्यावर हार्डकोर आणि जंगलच्या असंख्य रेकॉर्ड्स उभ्या राहिल्या. कोलमन २००६ मध्ये बेघर अवस्थेत वारला, त्याला त्यातला छदामही मिळाला नाही. बँडप्रमुख रिचर्ड स्पेन्सरला २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून २४,००० पौंड दिले. तेही कायद्याने नव्हे, लाजेने.

आपल्या लोकांना मात्र या गोष्टीतले एकच नाव माहीत असते: मुंबईचे चरणजित सिंग. १९८२ मध्ये त्यांनी रोलंडच्या टीबी-३०३ यंत्रावर रागांची रेकॉर्ड केली, ती खपली नाही, २०१० मध्ये पुन्हा निघाली आणि जग थक्क झाले. रेकॉर्ड खरोखर अप्रतिम आहे. पण "अ‍ॅसिड हाउस आपणच शोधले" हे फॉरवर्ड कृपया थांबवा. शिकागोच्या 'फ्यूचर'ने त्याच जातीचे, जुन्या बाजारात गेलेले यंत्र वापरून १९८७ मध्ये 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' केले. त्यांनी सिंगांची रेकॉर्ड ऐकल्याचा कुठलाही पुरावा नाही. पुष्पक विमानावर हसणाऱ्यांनी हे दुसरे विमान उडवू नये. हाउस उभे राहिले ते शिकागोच्या काळ्या समलिंगी तरुणांच्या क्लबांत, आणि तेच नाव आपल्या फॉरवर्डमधून गळते.

राहिला मिरवणुकीचा प्रश्न, कारण तो कोणीतरी विचारणारच. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर नको, हा भारतातला २००० सालचा नियम मला मान्य आहे. आजारी माणसाला झोप हवी. डेसिबल मोजा, वेळ ठरवा, आणि तोच मीटर आरती, अजान, लग्नाची वरात, नेत्याची सभा सगळ्यांना लावा. माझ्या क्लबलाही लावतात. मीटर लाल झाला की मी आवाज कमी करतो. पण "डीजे बंद, ढोल-ताशा चालेल" म्हणणाऱ्याला आवाजाचा त्रास होत नसतो. ढोल-ताशा पथकाशेजारी मीटर धरून बघा.

तेव्हा पुढच्या वेळी आपल्या खासदाराला पत्र लिहाल, त्यात कलम ६० बरोबर कलम ६३ चाही उल्लेख करा. दोन ओळी जास्त लागतील.