कोंबड्याचं ताट वेगळं वाढा

ऊन कललं की घरातली बाई सुपात कण्या घेऊन मागच्या अंगणात येते, 'ती ती ती' अशी हाक घालते आणि पांगलेल्या कोंबड्या माना पुढे काढून धावत सुटतात. कोंबडाही येतो. एक दाणा चोचीत धरतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो आणि घशातल्या घशात टक-टक-टक करत राहतो. कोंबड्या तो दाणा त्याच्या चोचीखालून उचलून नेतात. पाहणाऱ्याला वाटतं, याला धड खायचीही अक्कल नाही. शेजारच्या परसातला कोंबडा वेगळा. तो आधी कोंबड्यांना टोचून हाकलतो, स्वतः पोटभर खातो आणि बाई पाठमोरी झाली की तिच्या पोटरीवर झेप घेतो. गावात त्याला 'मारका' म्हणतात, आणि जरा कौतुकानंच म्हणतात.

या दोघांतला पुढच्या पिल्लांचा बाप कोण होतो? बहुतेक घरांत दुसरा. पाहुणे आले, आठवडी बाजाराला पैसे कमी पडले किंवा गटारी तोंडावर आली की हाताला लागतो तो गरीब कोंबडा. मारक्याच्या वाटेला कोण जाणार? तो आंब्याच्या फांदीवर चढून बसतो आणि वाचतो. शिवाय त्याचा रंग झळझळीत, तुरा उभा, चाल सरदाराची. दर वर्षी शांत नर सुरीखाली आणि भांडखोर नर खुराड्यात, अशी निवड आपण न ठरवता करत आलो आहोत. मग पिल्लंही तशीच निपजली की 'हल्लीचे कोंबडे फार माजलेत' अशी तक्रार करतो.

ही तक्रार किरकोळ समजून सोडून देण्यासारखी नाही. २०१९च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या व इतर पाळीव पक्षी होते. त्यातले जवळपास ३२ कोटी परसातले, आणि २०१२च्या गणनेपेक्षा परसातली ही संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेली. एवढा मोठा पसारा ज्या घरांच्या मागच्या अंगणात चालतो, तिथे कोंबडीचं खाद्य, कोंबडीची लस, कोंबडीची अंडी यांवर चर्चा होते. कोंबडा मात्र 'असतो एक' एवढ्यावर भागतं.

अंगणातल्या त्या टक-टक आवाजाचा मात्र शास्त्रज्ञांनी बराच पिच्छा पुरवला आहे. कोंबडीला खाऊ दाखवून बोलावण्याची ती रीत आहे. कोंबडी जवळ असली की कोंबडा अशी साद जास्त घालतो आणि चांगलं खाणं सापडलं की आणखी जोरात. मार्सेल गायगर आणि पीटर मार्लर यांनी १९८८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर एक लबाडी पकडली गेली. खाण्याजोगं काही नसतानाही कोंबडे ही साद घालतात, आणि कोंबडी लांब असेल तेव्हा जास्त. जवळ असती तर तिला लगेच दिसलं असतं की चोचीत नुसतं फोलपट आहे. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढे आणखी एक गंमत नोंदवली. खालच्या पायरीवरचा कोंबडा वरचढ कोंबड्यासमोर कोंबडीला खाऊ दाखवतो तो आवाज न काढता, नुसती मान खालीवर करून. आवाज केला तर वरचा धावून येईल, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. राजकारणातली ओळखीची माणसं आठवत असतील, पण तो विषय या पानावरचा नाही.

ही पायरी म्हणजे काय, हे जगाला सांगितलं नॉर्वेच्या थोरलिफ शेल्डरुप-एब्बे यांनी. लहानपणापासून कोंबड्या न्याहाळत बसणाऱ्या या माणसानं १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की कळपात कोण कोणाला टोचू शकते याची ठरलेली उतरंड असते. ती दिसते मुख्यतः खाण्याच्या जागी. एकच ताटली ठेवली की वरच्या चार-पाच जणी पोट भरतात आणि शेवटची कोंबडी कडेकडेनं फिरत उरलंसुरलं टिपते. तीच पुढे अंडी देत नाही म्हणून विकली जाते.

नरांची उतरंड पहाटेही ऐकू येते. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या त्सुयोशी शिम्मुरा आणि ताकाशी योशिमुरा यांनी दाखवलं की एकत्र ठेवलेल्या नरांत पहिली बांग सर्वांत वरचढ नर देतो आणि बाकीचे क्रमानं त्याच्यामागून. तो गैरहजर असला तर दुसऱ्या क्रमांकाचा सुरुवात करतो. २०१३च्या त्यांच्याच प्रयोगात कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवलं होतं. पहाट दिसण्याची सोय नव्हती, तरी ते साधारण २४ तासांच्या फेऱ्यानं आरवत राहिले. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपल्याला माहीत होतंच. तांबडं झाकलं तरी कोंबडं राहत नाही, ही त्यात जपान्यांनी घातलेली भर.

आता मुद्द्याचं, म्हणजे ताटाचं. अंड्याच्या एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणून अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात, बाजारात ज्याला लेअर मॅश म्हणतात त्यात, साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम घातलेलं असतं. कोंबडा अंडी घालत नाही. त्याला एक टक्का पुरतं. उरलेलं सगळं त्याच्या मूत्रपिंडांना बाहेर काढत बसावं लागतं. वाढत्या पिल्लांना आणि तलंगांना असं खाद्य दिलं तर मूत्रपिंडं बिघडतात आणि आतल्या अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर बसतो. पशुवैद्यकाच्या पुस्तकात त्याला गाउट म्हणतात. पूर्ण वाढलेला नर हा भार बराच काळ ओढतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण ओढतो म्हणून द्यायचं का? ज्यांच्याकडे २०-२५ पक्षी आहेत ते एकच पोतं आणतात, आणि दुकानात अंड्यासाठी म्हणून जे मिळतं तेच आणतात. पिल्लं, तलंगा, कोंबडा, सगळे त्याच पंगतीला.

उपाय खर्चाचा नाही. सगळ्या कळपाला कमी कॅल्शियमचं वाढीचं खाद्य द्यावं आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. अंड्यावरच्या कोंबड्या गरजेपुरता तो आपणहून खातात. संध्याकाळी जास्त खातात, कारण कवच बहुतेक रात्रीतून बनतं. कोंबडा त्या भांड्याकडे फारसा फिरकत नाही. किनारपट्टीवर तर तिसऱ्यांची कवचं उकिरड्यावर पडलेली असतात. ती धुऊन, भाजून, पाट्यावर जाडसर चेचली की झालं. देशावर अंड्याची टरफलं वाळवून चालतात, फक्त ती ओळखू येणार नाहीत इतकी बारीक करावीत, नाहीतर कोंबड्यांना अंडी फोडायची खोड लागते.

दुसरं टोक म्हणजे नुसत्या कण्या आणि मका. पोट भरतं, पण प्रथिनं दोन्हींत जेमतेम आठ-नऊ टक्के. कोंबड्याला बारा-चौदा टक्के लागतात, अंड्यावरच्या कोंबडीला सोळाच्या आसपास. पावसाळ्यात ही तूट गांडुळं, किडे, हिरवा पाला भरून काढतात. गावात वारूळ फोडून पिल्लांपुढे वाळवी टाकतात ती याचसाठी, भले त्याला कोणी प्रथिनं म्हणत नसेल. होळीनंतर जमीन कोरडी ठाक पडते आणि किडा मिळेनासा होतो. तेव्हा पहिल्यांदा वाळतो तो स्वतःच्या चोचीतला दाणा कोंबड्यांना देणारा कोंबडा. पिसाऱ्यामुळे ते दिसत नाही. रात्री तो झोपल्यावर उचलून छातीचं हाड चाचपावं. दोन्ही बाजूंचं मांस उतरून हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं, तर तो उपाशी आहे. अशा कोंबड्याला सकाळी खुराडं उघडताना पंधरा मिनिटं डालग्याखाली ठेवून त्याचं खाणं एकट्याला द्यावं. दाण्यात थोडी शेंगदाण्याची पेंड चालेल, बुरशीचा वास येत असेल तर अजिबात नाही. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष माणसाला कळलं तेच १९६०मध्ये इंग्लंडात पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की मेल्या तेव्हा.

वेगळं ताट ही काही हौस नाही. ब्रॉयलरची पिल्लं तयार करणाऱ्या मोठ्या फार्मांवर नर आणि मादी यांचं खाद्य कित्येक वर्षांपासून वेगळं आहे. माद्यांच्या खाद्यपात्रावर अशी जाळी असते की नराचं रुंद डोकं आणि तुरा आत शिरत नाही. नरांचं भांडं उंच टांगलेलं असतं, बुटक्या माद्यांची चोच तिथे पोहोचत नाही. पैशापैशाचा हिशोब ठेवणारा धंदा एवढा खटाटोप उगाच करत नाही.

सरकारी योजनेत तर कोंबड्याचा प्रश्न आकड्यातच बसवलेला आहे. महाराष्ट्राच्या पशुसंवर्धन खात्याच्या योजनेत लाभार्थ्याला २५ तलंगा आणि ३ नर असा गट मिळतो, किंवा १०० एकदिवसीय पिल्लं. आठ-दहा माद्यांमागे एक नर हे प्रमाण पुस्तकातलं आहे, त्यात चूक नाही. पण दीड गुंठ्याच्या परसात, एका खुराड्यात आणि एका ताटलीवर तीन नर पाच महिन्यांचे होतात तेव्हा पुस्तक मिटून ठेवावं लागतं. मिश्र पिल्लं घेतली तर निम्मे नरच निघतात. ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात, कोंबड्यांच्या पाठीची पिसं उपटून त्यांना उघडं पाडतात, आणि शेवटी घरमालकीण वैतागून सगळेच विकते. खरं तर कोंबडीच्या शरीरात नराचं बीज दहा-पंधरा दिवस टिकतं. एवढ्याशा गटाला दोन धडके नर पुरतात, खाण्यापुरती अंडी हवी असतील तर एकाचीही गरज नाही. शेजाऱ्यांची झोपही वाचेल.

भांडखोरपणा सगळा रक्तातूनच येतो असं मात्र नाही. असील ही झुंजीसाठी पिढ्यानपिढ्या निवडलेली जात. तिचे दोन नर एकत्र ठेवले तर एक मरतो, पण माणसाच्या हातात तोच पक्षी बहुधा निवांत बसतो. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं झुंजी लावणं गुन्हा ठरवलं, तरी आंध्रात संक्रांतीला काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या शौकिनांना निदान एक कळलं होतं, कोंबड्याशी भांडणारा आणि माणसावर येणारा हे दोन वेगळे दोष आहेत. परसात आपण दोन्ही एकत्र पोसतो. पिल्लू असताना पोरं त्याला हातानं चारतात, डिवचतात, धावायला लावतात. चार-सहा महिन्यांनी अंगात जोर आला की तोच पंख जमिनीला घासत आडवा चालत येतो. लाथ मारली की त्याच्या लेखी झुंज सुरू झाली, पळालं की तो जिंकला. जुने पाळणारे त्याला शांतपणे उचलून काखेत धरून ठेवतात. पाच-सहा वेळा असं केलं की बरेचसे निवळतात. निवळत नाहीत त्यांची पिल्लं काढू नयेत. घरात लहान मूल असेल तर वाटही पाहू नये, कारण पायावरच्या काट्याची जखम खोल असते आणि त्यानंतर धनुर्वाताची सुई घ्यावी लागते.

तेव्हा खात्यानं गट वाटताना लसीकरणाच्या तक्त्याखाली चार ओळी जास्त छापाव्यात. खाद्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवा, आणि तिन्ही नर पाच महिन्यांचे झाले की आठ दिवस संध्याकाळी दाणे टाकताना पाहत उभे राहा. जो दाणा टाकून कोंबड्यांना बोलावतो आणि घरच्या माणसावर येत नाही, त्याच्या पायात रंगीत दोरा बांधा. तो राहील. बाकीच्यांसाठी गटारी आहेच.